नवतप्यात तुटणारा धागा: चार हेडच्या एम्ब्रॉयडरी मशीनचं एक प्रकरण

जागा: नागपूर, इतवारीतली एक गल्ली, पहिला मजला, वर टिनाचं छत, खिडकीत कूलर.
मशीन: चार हेड (एकच डिझाइन सोबत शिवणारी चार डोकी), प्रत्येक हेडवर नऊ सुया, ताजिमा या जपानी कंपनीच्या पद्धतीची, चिनी बनावट.
काम: शाळेच्या पीके (खळगेदार विणीच्या) टी-शर्टवर छातीला बोधचिन्ह, ६०० नग.
महिना: मे, शेवटचा आठवडा.

हे कुण्या एका दुकानाचं प्रकरण नाही. गणवेशाच्या हंगामात ज्या तक्रारी हमखास येतात, त्या इथे एका कामाभोवती बसवल्या आहेत. वहीतले आकडे त्या मांडणीपुरते समजावेत. मापं मात्र मशीनवर ताडून पाहता येतील अशी आहेत.

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे बोधचिन्हांचं काम ऐन नवतप्यात, मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हात येतं. पारा पंचेचाळीसच्या पुढे, दुपारची हवा ठक्क कोरडी, आणि मशीन सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत चालू. वर्षभर कुरकुर न करणारी मशीन याच पंधरा दिवसांत धागे तोडायला लागते. सगळे म्हणतात, ऊन आहे. ऊन असतंच, पण इथे एकट्या उन्हाचं काम नव्हतं.

तक्रार आणि तोवर झालेले उपाय

तक्रार एका वाक्याची: धागा सारखा तुटतो. तोवर तीन दिवस उपाय करून झाले होते. टी-शर्टवर पांढरा बॉबिन धागा (खालून येणारा) वर दिसायला लागला म्हणून ऑपरेटरने वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या धाग्याचा ताण, सैल केलं. मग उलट्या बाजूला लूप पडू लागले आणि प्लेटखाली गुच्छा जमू लागला, म्हणून काही सुयांचं पुन्हा कसलं. वेग ८५० वरून ६०० वर आणला. शेवटी मिस्त्री आला. "टायमिंगच गेलं असन, भाऊ," म्हणाला, म्हणजे सुई आणि हुक यांच्या गाठीची वेळ चुकली, आणि तीन नंबरच्या हेडचा हुक (सुईखाली फिरून धाग्याचा फास पकडणारा भाग) हलवून गेला. अर्धा दिवस बरं चाललं, संध्याकाळी पुन्हा तेच.

चार हेडच्या मशीनवर एका हेडचा धागा तुटला की चारही हेड थांबतात. धागा ओवायचा, आठ-दहा टाके मागे न्यायचं, तेवढंच हेड चालवून राहिलेली जागा भरायची, मग चौघांना सोबत पुढे न्यायचं. हात बसलेला असला तरी दोन मिनिटं जातात. दिवसाला तीस वेळा तुटलं तर तासभर गेला, आणि भरलेल्या जागेचा जोड दिसतो म्हणून बाजूला पडलेले नग वेगळेच.

इथवर कोणीही एक साधी गोष्ट केली नव्हती: धागा कुठे तुटतो ते लिहून ठेवणं.

वहीतल्या ३१ नोंदी

एक पूर्ण दिवस कोणताही स्क्रू न फिरवता मशीन आहे तशी चालवली. शेजारी शाळकरी वही ठेवली. प्रत्येक तुटीला पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, हेड क्रमांक, सुई क्रमांक, पॅनेलवर दिसणारा टाक्याचा आकडा, आणि तुटलेलं टोक कसं दिसतं. संध्याकाळी ३१ ओळी झाल्या.

बहुहेडी मशीनची खरी सोय इथे कळते. एकच काम चार ठिकाणी एकाच वेळी चालू असतं, त्यामुळे एक हेड दुसऱ्याचा साक्षीदार होतं. एकाच हेडवर सगळ्या सुया तोडत असतील, तर दोष त्या हेडच्या खालच्या भागात: हुक, नीडल प्लेट (सुई जाते ती छिद्राची पट्टी), बॉबिन केस (खालच्या धाग्याची डबी). सगळ्या हेडांवर एकाच क्रमांकाची सुई तोडत असेल, तर त्या रंगाच्या धाग्यात. सगळ्या हेडांवर, पण डिझाइनच्या एकाच जागी तुटत असेल, तर पंचिंगमध्ये, म्हणजे डिझाइनची टाक्यांची फाइल करण्यात. एकाच हेडवर एकच सुई असेल, तर ती सुई किंवा तिच्या धाग्याची वाट. सिंगल हेडवाल्याला यातला निम्मा पुरावा मिळत नाही, त्याला सुया आणि रंग अदलून-बदलून तो तयार करावा लागतो.

३१ नोंदींचे तीन ढीग पडले. १४ तुटी तीन नंबरच्या हेडवर, सुई कोणतीही. ११ तुटी चारही हेडांवर विखुरलेल्या, पण सुई एकच: पाच नंबर, सोनेरी. उरलेल्या ६ कोणत्याही हेडवर, पण आकडा ११,३८० ते ११,४६० च्या दरम्यान. म्हणजे तीन वेगळे दोष एकावर एक बसले होते. एक दुरुस्त केला तरी दुसरे दोन चालूच राहत, आणि केलेला उपाय लागू पडला नाही असं वाटून तो परत फिरवला जाई.

(तीन नंबरच्या हेडवर पाच नंबरची सुई तुटली तर ती कोणत्या ढिगात? टोक पाहून ठरवायचं. म्हणून पाचवा रकाना.)

तुटलेलं टोक

टोक उजेडाकडे धरून, शक्यतो भिंगातून पाहावं. टोक पिंजलेलं, तंतू सुटलेले आणि चार-पाच सेंटिमीटरपर्यंत लव निघालेली असेल, तर धागा कुठेतरी घासतो आहे. सुईचं नेढं, प्लेटचं छिद्र, हुकचं टोक, नाहीतर एकाच जागी पडलेले दाट टाके. टोक ब्लेडने कापल्यासारखं स्वच्छ असेल, तर कुठे धार आली आहे किंवा कटरचा चाकू चुकीच्या वेळी हलतो आहे. टोक बारीक होत जाऊन आखडलेलं असेल, तर धागा ताणाने तुटला. वरचं टेन्शन जास्त, कोनावर (धाग्याच्या रिळावर) धागा अडकलेला, किंवा धागाच कमजोर. आणि धागा अखंड असून नुसता नेढ्यातून निघाला असेल, तर ती तूट नव्हेच. कापल्यावर शेपूट आखूड राहिलं, नाहीतर बॉबिन संपली.

वरच्या धाग्याचा प्रत्येक भाग कापडात बसण्याआधी नेढ्यातून अनेकदा खालीवर होतो. दर टाक्याला हुकाभोवती फिरण्यापुरता धागा खाली ओढला जातो आणि टेक-अपची दांडी त्यातला बराचसा परत वर खेचते. म्हणून नेढ्यातला केसाएवढा ओरखडाही करवतीसारखा चालतो.

या वहीत तीन नंबरच्या हेडची टोकं पिंजलेली होती. सोनेरीची ताणून तुटलेली, बोटात धरून ओढली तर तटकन तुटणारी. तिसऱ्या ढिगातली पिंजलेली, वर मेणकट गोळा झालेली.

आधी टेन्शन जागेवर

फिरवाफिरवी झालेल्या मशीनवर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नसतो. म्हणून पहिलं काम टेन्शन. सुरुवात नेहमी खालून.

चारही बॉबिन केस काढल्या. दोन केसच्या पट्टीवजा स्प्रिंगखाली लव दाबून बसली होती. लवेमुळे पट्टी उचललेली राहते आणि खालचा धागा सैल सुटतो, म्हणून वरचा धागा त्याला ओढून कापडावर आणतो. पांढरं वर दिसण्याचं मूळ इथे होतं, आणि उपाय मात्र वरच्या टेन्शनवर चालला होता. ही लव लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा कोपरा पट्टीखालून सरकवून काढावी. सुईने काढू नये, ओरखडा पडला की केस कायमची बिघडते.

मग पकड तपासायची. बॉबिन भरलेली केस धाग्याने लटकवायची आणि मनगटाला हलका झटका द्यायचा. केस तीन ते पाच सेंटिमीटर खाली सरकून थांबली पाहिजे. सरसर खाली गेली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. टेन्शन गेज असेल तर १८ ते २५ ग्रॅममध्ये ठेवावं, आणि आकड्याहूनही महत्त्वाचं म्हणजे चारही केस एकसारख्या असाव्यात. केसचा स्क्रू एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच फिरवायचा.

वरचं टेन्शन ४० नंबरच्या धाग्याला ढोबळमानाने १०० ते १३० ग्रॅम. गेज नसेल तर कापड बोलतं. प्रत्येक सुईवर ४ मिलिमीटर रुंद सॅटिनची (आडव्या, लागून घातलेल्या टाक्यांची) एक इंचभर पट्टी मारायची आणि उलटी करून पाहायची. मधला एक तृतीयांश पांढरा आणि दोन्ही कडांना रंग, हे बरोबर. पांढरं अजिबात दिसत नसेल तर वरचा सैल, पट्टीभर पांढरंच असेल तर वरचा घट्ट. चार हेड गुणिले नऊ सुया, म्हणजे ३६ पट्ट्या. पाऊण तास जातो. हे काम कंटाळवाणं म्हणूनच कोणी करत नाही.

याच फेरीत ३६ सुयाही बदलल्या. डीबी-के५ जातीच्या, ७५/११ मापाच्या, बॉलपॉइंट, कारण कापड होजिअरीसारखं फासांच्या विणीचं आहे आणि धारदार टोक विणीचा फास कापतं. सुई वरपर्यंत भिडवायची, लांब खाच पुढे आणि खोलगट भाग मागे, हुकाच्या बाजूला. नवी सुई लावताना ती वरच्या छिद्रापर्यंत पोहोचली आहे ना, हे नीडल बारच्या खिडकीतून पाहून घ्यावं. अर्धा मिलिमीटर खाली राहिलेली सुई टाके सोडते आणि बोल टायमिंगला लागतो.

दुसऱ्या दिवशी गुच्छा बंद झाला. तुटी मात्र सत्तावीसवर होत्या. टेन्शनने तुटी फारशा कमी होणार नव्हत्याच, पण आता नोंदी स्वच्छ मिळू लागल्या.

पाच नंबरची सुई

सोनेरी धागा व्हिस्कोस रेयॉनचा होता, गेल्या वर्षीचा उरलेला. त्याचे कोन वर्षभर खिडकीलगतच्या फळीवर उघडे होते. दुपारी दोन ते पाच तिथे ऊन येतं. बाकीचे तीन रंग याच हंगामात आणलेले.

रेयॉन मूळचा लाकडाच्या लगद्यापासून केलेला, म्हणजे त्याला हवेतला ओलावा लागतो. कोरड्या हवेत तो कडक आणि ठिसूळ होतो, आणि ऊन त्याचा जोर कायमचा खातं. आता गंमत पाहा. हा कोन कूलरसमोर ठेवून ओलावा देऊ म्हटलं, तर ओल्या रेयॉनची ताकद कोरड्याच्या कितीतरी खाली येते. कूलरच्या जाळीतून उडणारे तुषार कोनावर बसले की धागा जागोजागी ओला, मधे कोरडा, आणि टेन्शन प्रत्येक हातावर वेगळं. रेयॉनला दोन्हीकडून मरण.

इथे कूलरचा झोत थेट धाग्याच्या स्टँडवर येत होता. त्याने धागे झुलत, शेजारच्या धाग्यात अडकत. दोन-तीन तुटी याच्याच होत्या. कूलर बंद करणं शक्य नाही, माणसं बसणार कशी? आणि खोलीतला ओलावा धाग्याला हवाही आहे. कूलर फिरवून झोत समोरच्या भिंतीवर मारला, स्टँड आणि खिडकीच्या मधे पुठ्ठ्याचा आडोसा केला.

कोनाची परीक्षा हातावर होते. हातभर धागा काढून दोन्ही मुठींत धरायचा आणि सावकाश ताणायचा. चांगला धागा थोडा लांबतो, विरोध करतो, मग तुटतो. मेलेला धागा न लांबता तटकन जातो. वरचे काही थर खराब असतील तर दहा-पंधरा मीटर काढून पुन्हा पाहावं. कधी फक्त बाहेरचा थर वाळलेला असतो. इथे आतपर्यंत तसाच होता. चारही कोन काढले.

त्यांच्या जागी सोनेरी पॉलिएस्टर लावला. गणवेशाला तसंही पॉलिएस्टरच हवं. घरोघरी शर्ट ब्लीचमध्ये भिजतात आणि रेयॉनचा रंग त्यात टिकत नाही. चकाकी रेयॉनची सरस, यात वाद नाही, पण ती साडीवर शोभते. धागा बदलला की त्या सुईचं टेन्शन पुन्हा पट्टी मारून लावायचं, कारण पॉलिएस्टर जास्त लवचीक असतो. घट्ट राहिला तर तुटत नाही, पण कापड आवळून सुरकुती पाडतो.

शिल्लक कोन आता झाकणाच्या डब्यात, भिंतीच्या खालच्या कप्प्यात राहतात. टिनाच्या छताखाली वरची फळी सगळ्यात तापलेली असते.

हेड तीन

इथे वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

विचारल्यावर कळलं की महिन्यापूर्वी तीन नंबरवर कापड ताणून धरणारी रिंग तिरकी बसली होती आणि सुई रिंगच्या कडेवर आपटून मोडली. नवी सुई घालून काम पुढे सुरू झालं. पण सुई आपटली की तुटलेल्या सुईपुरतं प्रकरण संपत नाही. आपटलेल्या सुईचं टोक वाकून हुकाला लागतं, प्लेटच्या छिद्राला ओरखडा पडतो, प्रेसर फूट वाकतो, कधी नीडल बार आपल्या पकडीत सरकतो. म्हणून आपटीनंतर तपासणीचा क्रम ठरलेला असावा: प्रेसर फूट मधोमध आहे का, प्लेटचं छिद्र, हुकचं टोक, बॉबिन केस, सुईची उंची, आणि सगळ्यात शेवटी टायमिंग.

प्लेट काढून छिद्रातून कापसाचा बोळा फिरवला. एका बाजूला तंतू अडकले. हुकाच्या टोकावर नख फिरवलं तर बारीक खाच लागली. डोळ्याला न दिसणारी ही खाच शोधायला जुना नायलॉनचा पायमोजा उत्तम. बोटावर चढवून टोकाभोवती फिरवायचा, जिथे अडकेल तिथे दोष. म्हणजे मूळ दोष टायमिंगचा नव्हता, खरबरीत टोकाचा होता. मिस्त्रीने टायमिंग हलवल्याने धाग्याची वाट थोडी बदलली, म्हणून अर्धा दिवस बरं चाललं. आता खाच होतीच, वर टायमिंगही बिघडलेलं.

खाच टोकाच्या अगदी अणीवर नव्हती, बाजूला होती. म्हणून १००० नंबरच्या आणि मग १५०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी करून, टोकाच्या दिशेने, चार-सहा हलके हात मारले. आडवं घासायचं नाही आणि टोकाचा आकार बदलायचा नाही. अणीच बोथट झाली असती तर पॉलिश न करता हुकच बदलावा लागला असता. बोथट अणी धाग्याचा फास उचलत नाही, त्याला भोसकते. प्लेटचं छिद्र दोऱ्यावर पॉलिशची पेस्ट लावून, दोरा छिद्रातून पुढेमागे ओढून साफ केलं.

मग टायमिंग. या जातीच्या मशीनवर मुख्य शाफ्टला अंशांची गोल डायल असते. मशीन थांबते ती १०० अंशांवर, आणि हुकचं टोक सुईला गाठतं ते २०० अंशांच्या आसपास. नेमका आकडा मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल सापडलं नाही तर (बहुधा सापडत नाही) ज्या हेडला कोणी हात लावलेला नाही ते पाहायचं. इथे एक नंबरचं हेड नीट चालत होतं. शाफ्ट हाताने फिरवत त्याच्या हुकचं टोक सुईच्या मध्यावर येईपर्यंत आणलं. डायल २०० दाखवत होती. तीन नंबरचं टोक तिथे पोहोचत होतं २०६ वर.

सहा अंश थोडे वाटतात. पण सुई सगळ्यात खाली जाऊन वर निघाली की धाग्याचा फास फुगतो, आणि त्या क्षणी हुकचं टोक नेढ्याच्या जरा वरून, सुईच्या खोलगट भागातून जायला हवं. हुक उशिरा आला तर तोवर सुई आणखी वर गेलेली असते, नेढं टोकाच्या जवळ आलेलं असतं, आणि टोक फासाऐवजी धाग्यात घुसतं. हुक लवकर आला तर फास अजून तयारच नसतो आणि टाका सुटतो. पिंजलेली टोकं उशिराची खूण होती.

दुरुस्ती अशी झाली. मधल्या रंगाची सुई निवडून वीज बंद केली. प्लेट आणि बॉबिन केस काढली, सुई नवीच ठेवली. डायल २०० वर आणून शाफ्ट तिथे धरला. हुकाचे तिन्ही स्क्रू सैल केले, त्यातला एक जेमतेम पकडलेला ठेवला, म्हणजे हुक हाताने फिरतो पण घसरत नाही. टोक सुईच्या बरोबर मध्यावर आणलं. मग अंतर. टोक आणि सुईच्या खोलगट भागात ०.१ ते ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीचा कागद जेमतेम सरकेल एवढी फट. टोक सुईला टेकत असेल तर ते आज नाहीतर उद्या पुन्हा खाचा पाडून घेणार. फट जास्त असेल तर बारीक धाग्यावर टाके सुटतात. स्क्रू कसताना हुक किंचित फिरतो, म्हणून एक कसला की पुन्हा पाहायचं, मग दुसरा, मग तिसरा. नंतर शाफ्ट हाताने पूर्ण दोनदा फिरवून परत २०० वर यायचं आणि टोक तिथेच आहे याची खात्री करायची. शेवटी पहिल्या आणि नवव्या सुईवर हेच तपासायचं.

एक भाग बहुतेक जण विसरतात. हुकाच्या आतली टोपली फिरू नये म्हणून तिच्या खाचेत एक बोट बसवलेलं असतं. कोणी त्याला रिटेनर म्हणतं, कोणी नुसतं बोट. खाच आणि बोट यांच्यातून दर टाक्याला धागा निसटून वर जातो. तिथे अर्धा ते एक मिलिमीटर फट हवी. हुक हलवला आणि बोट तसंच राहिलं, तर धागा तिथे चिमटतो. तीन नंबरवर ते टेकलेलं होतं. बारा मिनिटांचं काम, आणि मिस्त्रीच्या उपायानंतर संध्याकाळी वाढलेल्या तुटींचा मोठा वाटा बहुधा याचाच.

प्लेट बसवून टाकाऊ कापडावर ३०० च्या वेगाने मिनिटभर, मग ७०० वर पाच मिनिटं. तीन नंबर गप्प झालं.

टाका ११,४००

तिसरा ढीग डिझाइनमध्ये होता. पॅनेलवर ११,४०० च्या आसपास मशीन काय शिवते हे पाहिलं. बोधचिन्हाखालचं देवनागरी ब्रीदवाक्य.

फाइल मुळात ९० मिलिमीटर रुंद पंच केलेली होती, जॅकेटसाठी. टी-शर्टला ६५ हवी म्हणून ती मशीनच्या पॅनेलवरच लहान केली. डीएसटी फाइलमध्ये नुसते टाके असतात, अक्षर कोणतं आणि भरण कुठली हे तिला माहीत नसतं. लहान केली की टाके तेवढेच राहतात आणि एकमेकांजवळ येतात. ओळींमधलं ०.४० मिलिमीटर अंतर ०.२९ झालं. ०.६ मिलिमीटरचे टाके ०.४३ चे झाले. सहा मिलिमीटरचं अक्षर सव्वाचार मिलिमीटरवर आलं. अर्ध्या मिलिमीटरच्या आतले टाके म्हणजे सुई जवळजवळ त्याच भोकात परत जाते, आधीचाच धागा फोडते, घर्षणाने तापते. टोकावरचे मेणकट गोळे तिथले.

देवनागरीत हे लवकर घडतं. मात्रा वर, उकार खाली, म्हणजे अक्षराचं मधलं अंग उरतं थोडंच. आणि पंच करणारा अक्षरागणिक शिरोरेघ वेगळी टाकत असेल तर प्रत्येक जोडावर दोन थर पडतात. इथे तुटी नेमक्या जोडांवर होत्या.

पंचिंगवाल्याकडून मूळ फाइल ६५ मिलिमीटरवर नव्याने करून घेतली. अंतर ०.४०, विणीच्या कापडासाठी ओढ भरून काढायला ०.३ मिलिमीटरची वाढ, ०.५ च्या आतले टाके गाळलेले, शिरोरेघ शेवटी एका ओळीत अखंड. ब्रीदवाक्य दोन ओळींत मोडून अक्षरं साडेसहा मिलिमीटर केली. शाळेला त्याचा नमुना दाखवून होकार घेतला, ते विसरून चालत नाही. त्या रंगाला ६५/९ ची सुई आणि ६० नंबरचा, जास्त बारीक धागा. उलट बाजूला कापून काढायच्या जातीचा नॉनवोवन पेपर, वर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म, म्हणजे पीकेच्या खळग्यांत अक्षरं बुडत नाहीत.

टाके १३,८०० वरून ९,००० वर आले. ७०० च्या वेगाने एका फेरीला जवळपास सात मिनिटं वाचली. त्यावेळी ५२० नग शिल्लक होते, म्हणजे १३० फेऱ्या, म्हणजे पंधरा तास. धागा एकदाही तुटला नसता तरी ही फाइल बदलायलाच हवी होती.

त्यानंतरची वही

चौथ्या दिवशी चार नोंदी. त्यातल्या दोन खोट्या होत्या. धागा अखंड, पण मशीन तूट समजून थांबली. धाग्याचा ताण ओळखणाऱ्या चेक स्प्रिंगच्या संपर्कावर लव होती, ब्रशने गेली. एक बॉबिन संपली. एक सोनेरीची, कोनाच्या बुडाखाली धागा अडकलेला.

हुक एका टाक्याला दोन फेरे घेतो. ७०० टाक्यांना १,४०० फेरे. म्हणून त्याच्या खोबणीत दर चार-पाच तासांनी एक थेंब पांढरं मशीन ऑइल, एकच. दोन थेंब घातले तर दुसरा पांढऱ्या शर्टवर दिसतो. तेल घातल्यावर चिंधीवर मिनिटभर चालवावं. उन्हाळ्यात तेल लवकर पातळ होऊन उतरतं, म्हणून दुपारी जेवणानंतरचा थेंब चुकवू नये. नीडल बारला आठवड्यातून एक एक थेंब. लव ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढावी. हवेच्या पंपाने फुंकली की ती उडून कटरच्या आत आणि बोर्डावर जाऊन बसते. अवकाळी वादळात वीज लपंडाव खेळते तेव्हा फ्रेम हाताने हलवू नये, वीज आल्यावर मशीन राहिलेल्या टाक्यापासून पुढे जाते, पण फ्रेम जागेवर असेल तरच. सर्व्हो स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग हवंच.

पॉलिश केलेला हुक किती टिकेल हे त्याच्या नशिबावर. त्याच मापाचा एक नवा हुक आणून ड्रॉवरमध्ये ठेवला, तीन नंबरच्या प्लेटवर मार्करने तारीख टाकली. कूलर जुलैत निघेल, तेव्हा दमट हवेत सगळ्यात आधी गंज धरतात त्या चेक स्प्रिंग आणि रविवारी बंद राहिलेले हुक. शनिवारी रात्री बॉबिन केस काढून खोबणीत थेंब टाकायचा आणि शाफ्ट हाताने चार फेरे फिरवायचा, असं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून मशीनला लटकवलं आहे.